व्हर्च्युअल की अ‍ॅबस्ट्रॅक्ट? बेस क्लास लिहायला बसलेल्यांसाठी

बेस क्लास म्हणजे ज्यावरून इतर क्लास, म्हणजे सबक्लास, बनतात तो. त्यातली एखादी मेथड (क्लासचं एखादं काम) व्हर्च्युअल ठेवावी, म्हणजे डिफॉल्ट देऊन सबक्लासला हवी तर बदलू द्यावी, की अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे नुसती जाहीर करून सबक्लासला लिहायला लावावी, असा हा वाद. वेगाचा मुद्दा आधीच बाजूला काढतो, कारण या वादात तो उगाच घुसतो. सी प्लस प्लस असो, जावा असो की सी शार्प, व्हर्च्युअल आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड एकाच यंत्रणेने बोलावल्या जातात: ऑब्जेक्टच्या प्रकाराचा एक तक्ता असतो, त्यात मेथडची नोंद असते आणि तिथून उडी मारली जाते. ती नोंद बेस क्लासने भरली की सबक्लासने, याचा बोलावणाऱ्याला पत्ता नसतो आणि त्याची वेगळी किंमतही मोजावी लागत नाही. डेल्फीत दोन्ही शब्द एकापाठोपाठ एक लिहितात. सी प्लस प्लसमध्ये व्हर्च्युअल मेथडच्या शेवटी 'बरोबर शून्य' जोडलं की ती अ‍ॅबस्ट्रॅक्ट होते. सी शार्पचा कंपायलर मात्र दोन्ही शब्द एकत्र दिसले की अडवतो, कारण त्याच्या लेखी अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड व्हर्च्युअल असतेच.

म्हणजे निवड करायची ती एकाच गोष्टीची. सबक्लास लिहिणाऱ्याने काहीच लिहिलं नाही तर काय व्हावं? व्हर्च्युअल म्हणतं, चालेल, माझ्याकडचं वापर. अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतं, लिहिल्याशिवाय पुढे सोडणार नाही. अर्जावर ऐच्छिक रकाने असतात आणि तारांकित रकाने असतात, तसंच हे. मी दोन्ही पद्धतींनी बेस क्लास लिहिले आहेत आणि इतरांनी लिहिलेले निस्तरलेही आहेत. हल्ली माझा कल तारांकित रकान्यांकडे असतो. पण व्हर्च्युअलची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही.

व्हर्च्युअल जिथे खरंच शोभतं

मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं व्हर्च्युअल म्हणजे जावाच्या सर्व्हलेटमधलं, वेबवरून आलेल्या विनंत्यांना उत्तर देणाऱ्या क्लासमधलं. एचटीटीपी-सर्व्हलेट या बेस क्लासमध्ये गेट, पोस्ट, पुट, डिलीट अशा प्रत्येक प्रकारच्या विनंतीसाठी एकेक मेथड आहे. तुम्ही फक्त गेटची मेथड लिहिलीत आणि कुणी पोस्ट पाठवलं, तर बेस क्लास ४०५ हा कोड परत पाठवतो, म्हणजे 'ही पद्धत इथे चालत नाही'. हे डिफॉल्ट वेळ मारून नेण्यासाठी टाकलेलं नाही. एचटीटीपीच्या नियमांतच तशा परिस्थितीला हे उत्तर ठरलेलं आहे. मजा अशी, की हा क्लास स्वतः अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणून जाहीर केलेला आहे आणि त्यात अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड मात्र एकही नाही. त्याचं ऑब्जेक्ट थेट बनवता येत नाही, पण तो तुमच्याकडे मागतही काही नाही.

दुसरी जागा म्हणजे जगभर वाटलेली लायब्ररी. इथे व्हर्च्युअलला पर्याय नाही असंच मी म्हणेन. तुमचा बेस क्लास इतरांनी वापरायला घेतला, त्यावर त्यांनी आपापले सबक्लास बांधले, आणि पुढच्या आवृत्तीत तुम्ही एक नवी अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड घातलीत, तर त्या सगळ्यांचं बिल्ड एका दिवसात फुटतं. आधीच कंपाइल होऊन बसलेला कोड असेल तर आणखी वाईट: जावात ती मेथड बोलावली जाण्याच्या क्षणी एरर येतो, सी शार्प जिथे चालते त्या डॉटनेटमध्ये तो क्लास लोडच होत नाही. २०१४ साली जावा ८ मध्ये इंटरफेसला (मेथडच्या नुसत्या यादीला) डिफॉल्ट मेथड मिळाल्या त्या याच अडचणीपोटी. यादीवर थेट 'स्ट्रीम' किंवा 'फॉर-ईच' म्हणता यावं अशी सोय करायची होती, आणि ती अ‍ॅबस्ट्रॅक्ट ठेवली असती तर स्वतःची यादी लिहिलेल्या प्रत्येकाचा कोड मोडला असता. सी शार्पनेही २०१९ मध्ये, आठव्या आवृत्तीत, हीच वाट धरली.

त्याच सोयीची दुसरी बाजू डॉटनेटच्या स्ट्रीम या डेटा वाचण्या-लिहिण्याच्या क्लासमध्ये बघायला मिळते. २०१२ मध्ये त्याला असिंक्रोनस, म्हणजे थांबून न राहता होणाऱ्या, वाचनाची मेथड जोडली गेली, अर्थातच व्हर्च्युअल. जुने सबक्लास मोडले नाहीत. फक्त ज्यांनी ती लिहिली नाही त्यांच्याकडे डिफॉल्ट काम करू लागलं, आणि ते डिफॉल्ट शेवटी जुनं साधं वाचनच एका वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) उरकतं. नाव असिंक्रोनस, आत थ्रेड अडकून पडलेला. कंपायलर गप्प, टेस्ट हिरव्या. लायब्ररीवाल्यांना दोष देत नाही, त्यांच्याजागी मीही तेच केलं असतं. पण व्हर्च्युअलचा स्वभाव इथे नेमका दिसतो: काही मोडू देत नाही आणि काही राहून गेलं तर सांगतही नाही.

मला कंटाळा आणणारा प्रश्न

खरं सांगायचं तर माझा कल बदलला तो यामुळे नाही. तो बदलला एका किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नामुळे, जो प्रत्येक व्हर्च्युअल मेथड ओव्हरराइड करताना, म्हणजे सबक्लासमध्ये नव्याने लिहिताना, समोर येतो: बेसची मेथड बोलवायची की नाही? बोलवायची तर आपल्या कामाच्या आधी, की नंतर?

मेथडच्या जाहीरनाम्यात याचं उत्तर नसतं. नाव, पॅरामीटर, परतीचा प्रकार, सगळं लिहिलेलं असतं. ही एक गोष्ट सोडून. ती शोधायला डॉक्युमेंटेशन उघडावं लागतं, आणि तिथेही नसेल तर बेस क्लासचा कोड. बेस क्लासचा कोड वाचल्याशिवाय सबक्लास लिहिता येत नसेल तर एन्कॅप्स्युलेशन (आतलं काम बाहेर न दाखवण्याचं तत्त्व) नेमकं कुठे गेलं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आयओएसवर काम केलेल्यांना हे चांगलं ठाऊक असेल. तिथल्या व्ह्यू-कंट्रोलर या स्क्रीन सांभाळणाऱ्या क्लासच्या 'व्ह्यू-विल-अपिअर'मध्ये सुपर (म्हणजे बेसची मेथड) बोलावलंच पाहिजे असं डॉक्युमेंटेशन सांगतं. त्याच क्लासच्या 'लोड-व्ह्यू'मध्ये सुपर बोलावू नये असंही तेच सांगतं. एकच क्लास, शेजारशेजारच्या मेथड, उलट नियम. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅक्टिव्हिटीच्या 'ऑन-क्रिएट'मध्ये सुपर विसरलात तर अ‍ॅप तिथल्या तिथे कोसळतं, कारण फ्रेमवर्क स्वतः एक खूण ठेवून तपासतं की बेसपर्यंत निरोप पोहोचला की नाही. म्हणजे भाषा जे सांगू शकत नाही ते सांगण्यासाठी त्यांना धावताना चालणारा पहारा बसवावा लागला. विंडोज फॉर्म्समध्ये असा पहारा नाही. 'ऑन-क्लिक'सारखी मेथड ओव्हरराइड केली आणि बेस बोलवायला विसरलात, तर त्या इव्हेंटला ज्यांनी नावं नोंदवलेली आहेत त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. क्लिक होतं, तुमचा कोड चालतो, बाकीचे वाट बघत बसतात.

क्रमाचीही तीच गत. साफसफाई करणाऱ्या मेथडमध्ये आधी आपलं आवरायचं आणि मग बेसला सांगायचं, उभारणी करणाऱ्या मेथडमध्ये आधी बेस आणि मग आपण. जावाच्या टेस्ट चालवणाऱ्या जेयूनिट ३ च्या काळात सेटअपमध्ये (टेस्टआधीच्या तयारीत) सुपर पहिल्या ओळीत आणि टीअरडाउनमध्ये (नंतरच्या आवराआवरीत) शेवटच्या, हे नवीन माणसाला कुणीतरी तोंडी सांगावं लागायचं. २००६ मध्ये जेयूनिट ४ आलं आणि अ‍ॅनोटेशनवर (मेथडला लावायच्या खुणेवर) काम सुरू झालं. बेस क्लासमधली तयारी आपोआप आधी आणि आवराआवर आपोआप नंतर होऊ लागली, तेव्हा ही शिकवणी संपली. मला त्या बदलातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

माझ्यापुरता तराजू एका एक्स्पोर्टरने झुकवला. एका ठिकाणी आम्ही अहवाल वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये फाइलीत उतरवायचो. बेस क्लासमध्ये फाइल उघडणं, ओळ लिहिणं आणि बंद करणं अशा तीन व्हर्च्युअल मेथड होत्या, तिन्हींना बऱ्यापैकी डिफॉल्ट. बंद करणारी मेथड बफरमध्ये (लिहिण्याआधी मजकूर साठवायच्या तात्पुरत्या जागेत) उरलेला मजकूर फाइलीत ढकलायची आणि मग फाइल मिटायची. एका नव्या फॉरमॅटला शेवटी बेरजेची ओळ हवी होती. सहकाऱ्याने बंद करणारी मेथड ओव्हरराइड केली, बेरीज लिहिली, फाइल मिटली. बेस बोलावला नाही. बोलवावा असं कुठे लिहिलेलंही नव्हतं, आणि त्याच्या दृष्टीने फाइल मिटण्याचं काम तर झालंच होतं.

परिणाम फार चमत्कारिक. फाइल तयार व्हायची, उघडायची, नीट दिसायची. फक्त तिचं शेपूट गायब. मोठ्या अहवालात शेवटच्या काही ओळी आणि बेरीज नाही, लहान अहवालात तर काहीच नाही, कारण सगळा मजकूर बफरमध्येच मावलेला. लहान अहवाल रिकामा आला तेव्हा सगळ्यांना वाटलं त्या दिवशी नोंदीच नसतील. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये काही नाही, इशारा नाही. दुसऱ्या एका फॉरमॅटमध्ये कुणीतरी बेस आधी बोलावून मग शेवटची ओळ लिहायचा प्रयत्न केला होता. तिथे निदान फाइल मिटली असल्याचा एक्सेप्शन आला आणि प्रकरण दहा मिनिटांत मिटलं. आरडाओरडा करणारी चूक आणि गप्प बसणारी चूक यांतला फरक त्या दोन सबक्लासमध्ये शेजारी शेजारी दिसत होता.

दुरुस्ती कशी केली ते सांगतो, कारण माझी आजची आवड तिथूनच आली. बंद करणारी मेथड व्हर्च्युअल राहिलीच नाही. ती बेस क्लासची ठाम मेथड झाली, ओव्हरराइड न करता येणारी. तिच्यात क्रम पक्का: आधी सबक्लासकडून शेवटचा मजकूर मागायचा, मग बफर रिकामा करायचा, मग फाइल मिटायची. आणि शेवटचा मजकूर मागणारी मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट. टेम्प्लेट मेथड या नावाने ही रचना सगळ्यांना माहीत असते, तिच्याबद्दल नवं सांगण्यासारखं काही नाही. नवं वाटलं ते एवढंच, की बेस बोलवायचा की नाही हा प्रश्न उत्तर न देताच नाहीसा झाला. बोलवायला तिथे काही नाहीच. जावा किंवा सी शार्पमध्ये सबक्लासमधून बेसची अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड बोलवायचा प्रयत्न केलात तर कंपाइलच होत नाही.

यावर कुणी म्हणेल, की हे श्रेय अ‍ॅबस्ट्रॅक्टचं नाही, क्रम बेसकडे ठेवल्याचं आहे. तीच मागणी रिकाम्या व्हर्च्युअल मेथडनेही करता आली असती. बरोबर आहे, आणि रिकामी व्हर्च्युअल मेथड असली तर बेस बोलावला काय, न बोलावला काय, सारखंच. पण रिकामी म्हणून जन्मलेली व्हर्च्युअल मेथड रिकामी राहत नाही, असं माझं निरीक्षण आहे. पुढेमागे कुणीतरी तिच्यात 'सगळ्यांनाच लागतं' म्हणून दोन ओळी घालतो, आणि ज्या सबक्लासनी तोवर बेसला विचारलं नव्हतं ते सगळे त्या क्षणी नकळत चुकीचे होतात. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथडमध्ये त्या दोन ओळी घालायला जागाच नसते.

नाव बदललं की काय होतं

दुसरा मुद्दा छोटा, पण रोजचा. बेस क्लासमधल्या मेथडचं नाव किंवा एखादा पॅरामीटर बदला आणि बघा.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट असेल तर प्रत्येक सबक्लास लाल होतो. कंपायलर आयती यादी देतो आणि तुम्ही एकेक ठिकाण दुरुस्त करत जाता. व्हर्च्युअल असेल तर बऱ्याच भाषांत काहीच होत नाही. सबक्लासमधली जुनी मेथड आता स्वतंत्र, कुणीही न बोलावणारी मेथड होऊन पडून राहते आणि बेसचं डिफॉल्ट चालू लागतं. सी प्लस प्लसमध्ये तर नाव बदलायचीही गरज नाही, बेसमधल्या मेथडच्या शेवटी एक 'कॉन्स्ट' (ऑब्जेक्ट बदलणार नाही अशी खूण) वाढवला तरी पुरे.

जावाच्या माऊस-अ‍ॅडाप्टरचं उदाहरण घ्या. माऊस-लिसनर या इंटरफेसमध्ये पाच मेथड आहेत आणि एकच हवी असताना पाचही लिहाव्या लागतात म्हणून हा रिकाम्या मेथडचा क्लास दिलेला आहे. सोय खरीच. पण 'माऊस-एंटर्ड'ऐवजी 'माऊस-एंटर' लिहून बघा. प्रोग्रॅम चालतो, माऊस आत येतो, काही घडत नाही, आणि तुम्ही इव्हेंट कुठे अडतोय ते भलतीकडे शोधत बसता. २००४ मध्ये जावा ५ बरोबर ओव्हरराइड हे अ‍ॅनोटेशन आलं, सी प्लस प्लसला तोच शब्द २०११ मध्ये मिळाला. दोन्ही उत्तम, दोन्ही ऐच्छिक. लिहिलं तर वाचाल. सी शार्पमध्ये तो शब्द न लिहिता बेसची व्हर्च्युअल मेथड झाकलीत तर कंपायलर इशारा देतो, पण इशारेच ते. ज्या प्रोजेक्टमध्ये शेकड्यांनी इशारे आधीच साचलेले आहेत तिथे हा एक कोण वाचणार? कोटलिनने हा प्रश्न मुळातच सोडवला: मेथड मुद्दाम 'ओपन' केल्याशिवाय ओव्हरराइड होत नाही आणि ओव्हरराइड करताना तसं लिहावंच लागतं. तुम्ही कोटलिनमध्ये असाल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यापुरता अर्धा वजा करा.

स्कालातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. तिथे बेसमध्ये अंमलबजावणी असलेली मेथड बदलायची तर ओव्हरराइड लिहिणं सक्तीचं आहे. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड भरताना मात्र ते लिहिलं नाही तरी चालतं. भाषा बनवणाऱ्यांनी धोका कुठे आहे ते बरोबर ओळखलेलं दिसतं.

अ‍ॅबस्ट्रॅक्टचाही जाच असतो

आता माझ्या आवडीच्या बाजूचे दोष. पहिला म्हणजे रिकाम्या मेथडचा पसारा. आमच्या त्या एक्स्पोर्टरमध्ये सीएसव्हीला शेवटी काहीच लिहायचं नव्हतं, तरी त्याला रिकामी मेथड लिहावी लागली. एक-दोन असतील तर मी त्या आनंदाने लिहितो. वाचणाऱ्याला कळतं की इथे विचार झाला होता आणि काही नको असं ठरलं होतं. पण बेस क्लासने दहा-बारा मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट ठेवल्या आणि बहुतेक सबक्लासनी त्यांतल्या आठ रिकाम्या सोडल्या, तर तो विचार राहत नाही, आयडीईकडून (कोड लिहायच्या साधनाकडून) भरून घेतलेला मजकूर होतो. आणि आयडीई काय भरते ते माहीत आहेच: 'अंमलबजावणी नाही' असा एक्सेप्शन. म्हणजे जी चूक कंपाइल होताना सापडायला हवी होती ती एका क्लिकवर पुन्हा धावण्याच्या वेळेवर ढकलली गेली. सक्ती अति झाली की लोक ती चुकवायला शिकतात.

दुसरा, टेस्टचा. व्हर्च्युअलवाल्या बेस क्लासचं ऑब्जेक्ट थेट बनवून तपासता येतं. अ‍ॅबस्ट्रॅक्टला आधी टेस्टपुरता एक खोटा सबक्लास लिहावा लागतो. मला याचा फारसा त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांचं म्हणणं समजतं.

तिसरा, कुठली मेथड सक्तीची ठेवायची हे ठरवण्याचा. अ‍ॅबस्ट्रॅक्ट कितीही आवडलं तरी सगळंच सक्तीचं करता येत नाही. गाभा निवडावा लागतो आणि उरलेलं त्या गाभ्यावर उभं असलेलं व्हर्च्युअल ठेवावं लागतं. इथे दोन मोठ्या लायब्ररींनी अगदी आरशातल्यासारखे उलट निर्णय घेतले आहेत. जावाच्या इनपुट-स्ट्रीममध्ये एक बाइट वाचणारी मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे आणि अख्खा अ‍ॅरे भरणारी मेथड तीच पुन्हा पुन्हा बोलावते. डॉटनेटच्या स्ट्रीममध्ये अ‍ॅरे भरणारी मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे आणि एक बाइट वाचणारी मेथड दर वेळी एका बाइटचा नवा अ‍ॅरे बनवून ती बोलावते. दोन्हीकडे फक्त सक्तीचं तेवढं लिहिलंत तर उत्तर बरोबर येतं, पण कुठल्या तरी एका वाटेवर संथ. मला डॉटनेटची निवड जास्त पटते. अ‍ॅरे वाचणं ही नेहमीची वाट, तिच्याबद्दल सबक्लासला विचार करायला लावलं, आणि डिफॉल्टचा भुर्दंड क्वचितच्या वाटेवर टाकला. गाभा निवडताना मी हेच धरून चालतो: जी मेथड सबक्लासशिवाय नीट लिहिताच येत नाही ती अ‍ॅबस्ट्रॅक्ट, आणि जिचं डिफॉल्ट केवळ संथ आहे पण चुकीचं नाही ती व्हर्च्युअल.

जिचं डिफॉल्ट एक्सेप्शन फेकतं ती मेथड मात्र मला दोन्हीकडची नको वाटते. जावाच्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट-लिस्टमध्ये घटक काढून देणारी आणि आकार सांगणारी एवढ्या दोनच मेथड सक्तीच्या; घटक बदलणारी, घालणारी, काढून टाकणारी या व्हर्च्युअल, आणि न लिहिल्यास 'हे इथे चालत नाही' असा एक्सेप्शन. फक्त वाचायची यादी बनवायला हे झकास आहे, आणि इतक्या जुन्या लायब्ररीला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये ही पद्धत उचलू नका, असं नम्रपणे सुचवेन. तिथे बहुधा दोन इंटरफेस हवे असतात, आणि आपण एकातच भागवू पाहतो.

कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमधून) मेथड बोलवायची सवय असेल तर दोन्ही पर्याय सारखेच घातक. जावा आणि सी शार्पमध्ये बेसचा कन्स्ट्रक्टर चालू असतानाही सबक्लासची मेथड बोलावली जाते, तीही त्याचा स्वतःचा कन्स्ट्रक्टर चालायच्या आधी. सी प्लस प्लसमध्ये त्या वेळी बेसचीच मेथड चालते, आणि ती शुद्ध व्हर्च्युअल ('बरोबर शून्य' लावलेली) असेल तर बहुधा प्रोग्रॅम तिथेच संपतो. यात अ‍ॅबस्ट्रॅक्टला झुकतं माप देण्यासारखं काही नाही.

भाषेप्रमाणे वजन बदलतं

वरचं सगळं 'कंपायलर अडवेल' या भरवशावर उभं आहे, तेव्हा तुमचा कंपायलर किती अडवतो ते बघून घ्या. १९६७ च्या सिम्युला या भाषेत, ऑस्लोमध्ये डाल आणि न्यूगार्ड यांनी व्हर्च्युअल प्रोसिजर आणल्या तेव्हा बेसमध्ये अंमलबजावणी न देता नुसती घोषणा करता येत होती, पण ती भरायची राहिली तर ते धावतानाच कळायचं. सी प्लस प्लसने १९८९ च्या २.० आवृत्तीत शुद्ध व्हर्च्युअल आणलं आणि तो प्रश्न कंपाइल होण्याच्या वेळेवर आला. डेल्फी आजही मधेच उभी आहे: अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड शिल्लक असलेल्या क्लासचं ऑब्जेक्ट बनवलंत तर ती फक्त इशारा देते, आणि मेथड बोलावल्यावर एरर. डेल्फीत असाल तर तो इशारा एररमध्ये बदलून घ्या, मग पुढचं बोलू.

पायथॉनमध्ये २००८ पासून एबीसी (अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लास) मॉड्यूल आहे. तिथे तपासणी ऑब्जेक्ट बनवताना होते, आणि तीही फक्त नावाची. पॅरामीटर जुळतात की नाही हे कुणी बघत नाही. शिवाय बेस क्लास एबीसीवरून आलेला नसेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट-मेथडचं डेकोरेटर (मेथडवर लावायची खूण) निव्वळ शोभेचं. तरीही मेथडमध्ये नॉट-इम्प्लिमेंटेड-एरर फेकण्याच्या जुन्या रिवाजापेक्षा मी एबीसीच घेतो, कारण ऑब्जेक्ट बनवताना मोडणं हे कुठल्या तरी क्वचित चालणाऱ्या फांदीवर मोडण्यापेक्षा कितीतरी लवकर कळतं. स्विफ्टमध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासच नाहीत. तिथे प्रोटोकॉल (इंटरफेससारखी यादी) वापरा आणि 'फेटल-एरर' लिहिलेला बेस क्लास शक्यतो टाळा.

एक मधली वाट आहे, जिच्याकडे फार कमी लोक बघतात. सी प्लस प्लस आणि पायथॉन दोन्हींत अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथडला अंमलबजावणीही देता येते. सबक्लासला मेथड लिहावीच लागते, पण डिफॉल्ट हवं असेल तर एका ओळीत बेसचं नाव घेऊन ते मागता येतं. डिफॉल्ट मिळतं, पण मागितल्यावर. न विचारता गळ्यात पडत नाही. अर्थात बेस बोलवायचा की नाही हा माझा नावडता प्रश्न इथे परत येतो, फक्त आता तो उघड विचारलेला असतो. जावात ही सोय नाही, तिथे डिफॉल्ट वेगळ्या नावाच्या ठाम मेथडमध्ये ठेवून सबक्लासला ती बोलवायला सांगतो.

तुमच्याकडे आधीच व्हर्च्युअल मेथडनी भरलेला बेस क्लास असेल आणि तो फक्त तुमच्याच प्रोजेक्टपुरता असेल, तर कागदावर तुलना करत बसण्यापेक्षा एक करून बघा. एक मेथड निवडा, तिचं डिफॉल्ट काढून ती अ‍ॅबस्ट्रॅक्ट करा आणि बिल्ड चालवा. जे सबक्लास मोडतात ते आजवर डिफॉल्टवर चालले होते. त्यांची यादी घेऊन प्रत्येकाच्या मालकाला विचारा, की हे डिफॉल्ट तुम्हाला हवं होतं, की ही मेथड आहे हेच माहीत नव्हतं. बहुतेकांनी 'हवं होतं' म्हटलं तर बदल मागे घ्या, ती मेथड व्हर्च्युअलच बरी. माझ्या अनुभवात बंद करणं, तपासणं, हक्क ठरवणं असल्या मेथडच्या बाबतीत दुसरं उत्तर जास्त वेळा येतं, आणि नाव दाखवणं, वर्णन देणं असल्यांच्या बाबतीत पहिलं. हक्कांच्या मेथडपासून सुरुवात करा. तिथे डिफॉल्ट 'परवानगी आहे' असं असेल तर उत्तरांची वाट न बघता बदल तसाच ठेवा.